काकूच्या हाडांचा फोटो

पहाटेची एसटी बीड सोडते. काकू खिडकीशी बसलेली आहे, डावा तळहात मांडीखाली देऊन कमरेचा भार एका अंगाला तोललेला. गेवराई मागं पडते. शहागडला गोदावरीचा पूल येतो तशी ती हात जोडते. खड्डा आला की तिचे डोळे गच्च मिटतात, तोंडातून मात्र आवाज निघत नाही. बावीस हंगाम ऊस तोडलेला आहे तिनं.

चार महिने झाले कंबर दुखते आहे. दोनदा एक्स-रे काढला, दोन्ही वेळा 'काही नाही'. गावात सगळे म्हणतात, कामाचं दुखणं, बसलं की जाईल. पण बसायचं कसं? दसऱ्यानंतर टोळी निघणार, उचल घेऊन खर्चून झालेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतलं एक घरी राहिलं की उरतो अर्धा कोयता.

काकूच्या बोन स्कॅनसाठी आम्ही आलोय त्या छत्रपती संभाजीनगरच्या स्कॅन सेंटरात बाकावर बसलेले बहुतेक जण कॅन्सरचे पेशंट आहेत. कॅन्सर हाडांत उतरलाय का, हे बघायला बोन स्कॅन सांगतात, म्हणून. काकूच्या ते ध्यानात येतं. "मला तसलं काही हाय का रं?" माझ्याकडे उत्तर नाही. मी पाण्याची बाटली उघडत बसतो.

फॉर्म भरणारी मुलगी विचारते, "मावशी, पिशवी काढलीय?"

"व्हय. अठ्ठाविसाव्या वर्षी. सगळंच काढलं म्हनले."

मुलीचं पेन क्षणभर थांबतं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीडमधल्या या शस्त्रक्रियांची चौकशी केली, तेव्हा पाहणीतल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. गर्भाशयासोबत अंडाशयंही गेली की पाळी तर थांबतेच, पण हाडंही वेळेआधी विरळ होऊ लागतात. हे त्या वेळी किती जणींना कुणी सांगितलं असेल?

दहा वाजता इंजेक्शन. सिरिंजभोवती जाड, जड वेष्टण आहे, किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. आत टेक्नेशियम-९९एम, हाडाकडे ओढ घेणाऱ्या फॉस्फेटच्या संयुगाला जोडलेलं. "याची रोज सकाळी धार काढावी लागते मावशी, गाईसारखी," टेक्निशियन सांगतो. ते खरंच आहे. शिशाच्या आवरणातल्या जनरेटरमध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यातून हे टेक्नेशियम तयार होत राहतं आणि मिठाच्या पाण्यानं काढून घेतात. दर सहा तासांनी ते निम्मं होतं, त्यामुळं साठवून ठेवता येत नाही. काकूला गाईची गोष्ट पटते. पहिल्यांदाच हसते.

मग तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जायचं. हाडात न मुरलेलं औषध तसंच बाहेर पडतं. काकू मात्र घोट घोट पिते. फडात आडोसा नसतो म्हणून पाणी कमी प्यायची सवय. इथं दहा पावलांवर संडास आहे, दाराला आतून कडी आहे, तरी तिला दोनदा सांगावं लागतं.

एक वाजता ती अरुंद टेबलावर आडवी होते. गॅमा कॅमेऱ्याची चौकोनी तबकडी छातीच्या अगदी जवळ येते आणि सावकाश पायांकडे सरकते. हे यंत्र किरण सोडत नाही, काकूच्या हाडांतून येणारे टिपतं. काचेपलीकडे पडद्यावर ठिपका-ठिपका जमत तिचा सांगाडा उमटतो. मोडलेल्या भिंतीशी गवंडी गोळा व्हावेत तसं जिथं हाडाची डागडुजी चालू असते तिथं हे औषध जास्त जमतं आणि ती जागा गडद दिसते. एक्स-रेत फरक दिसायला बरंचसं कॅल्शियम उडून जावं लागतं. डागडुजी त्याच्या किती तरी आधी सुरू झालेली असते.

दोन्ही गुडघे गडद आहेत. उजवा खांदा आणि मनगटही. डॉक्टर विचारतात, "उजव्या हातानं काय काम करतात?" मी म्हणतो, "कोयता."

आणि कमरेखाली, माकडहाडाच्या वर, दोन उभ्या जाड रेघा आणि त्यांना जोडणारी एक आडवी. शिडीची एकच पायरी काढावी तशी. बोन स्कॅन जागा दाखवतो, कारण दर वेळी सांगतोच असं नाही, म्हणून डॉक्टर तेवढ्याच भागाचा सीटी घेतात. बारीक चीर दिसते. विरळ झालेलं हाड मोळीच्या ओझ्याखाली तडकलेलं आहे. कॅन्सर नाही.

काकूला पडद्यासमोर आणतात. ती त्या पायरीवर बोट ठेवते. बराच वेळ काढत नाही.

"म्हंजी मी सोंग करत नव्हते."

"नाही मावशी. तीन महिने ओझं उचलायचं नाही."

परतीच्या गाडीत ती एकदाच बोलते, "ह्यो फोटू मुकादमाला दाखवायचा."

गावात पोचतो तेव्हा नऊ वाजून गेलेत. सून दिवस गेलेली, पुढं येऊन पिशवी घ्यायला हात करते. काकू दारातच थांबते. आजच्या दिवस गरोदर बाईपासून लांब राहा, असं सेंटरात सांगितलंय. "तिथंच थांब गं," ती म्हणते, अंगणाच्या पार टोकाला, लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसते आणि तिथून हाक घालते, "माजं ताट हितंच ठिव आन् तू आत जा."