भागाकाराविना मूळ संख्येची पारख

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. २ हा अंक १२७ वेळा घेऊन गुणाकार करावा व त्यातून १ वजा करावा, म्हणजे ही संख्या मिळते. ती मूळ असल्याचे फ्रान्समधील गणिताचे अध्यापक एदुआर ल्यूका यांनी १८७६ साली, यंत्राच्या साहाय्याविना दाखवून दिले.

शाळेत शिकविली जाणारी रीत येथे निरुपयोगी ठरते. त्या रीतीने संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. १२७ साठी २, ३, ५, ७ व ११ हे पाच भागाकार पुरतात. वरील संख्येसाठी मात्र सेकंदाला एक याप्रमाणे अखंड भागाकार केले, तरी नऊशे कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

ल्यूका यांनी भाजक शोधलेच नाहीत. त्यांच्या पद्धतीला पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकन गणिती डी. एच. लेमर यांनी जे सुटसुटीत रूप दिले, ते फळ्यावरही करून दाखविता येते. ४ पासून आरंभ करावा. संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे, आलेल्या उत्तरास तपासावयाच्या संख्येने भागावे आणि केवळ बाकी पुढे न्यावी. २ चा जो घात घेतला असेल, त्याच्या घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा ही क्रिया करावयाची असते. घातांक मात्र स्वतः विषम मूळ संख्या असला पाहिजे. अखेरची बाकी शून्य आली तरच संख्या मूळ होय. १२७ म्हणजे २ च्या सातव्या घातातून १ वजा. म्हणून पाच क्रिया. बाक्या अनुक्रमे १४, ६७, ४२, १११ आणि ० येतात. एकोणचाळीस अंकी संख्येसाठी अशा १२५ क्रिया पुरतात. त्या हाताने करणे कष्टाचे खरे, पण मानवी आयुष्यात बसणारे आहे.

या कसोटीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. संख्या मूळ नाही असे ती सांगते, पण भाजक सांगत नाही. मॅरँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत १२७ प्रमाणेच ६७ हा घातांकही होता. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून येणारी संख्या मूळ नसल्याचे ल्यूका यांनी १८७६ मध्येच दाखविले. परंतु १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.

ल्यूका यांची संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. त्यानंतर संगणक आले, तरी कसोटी तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, ४,१०,२४,३२० अंकांच्या मूळ संख्येची अंतिम पडताळणीही ल्यूका-लेमर कसोटीनेच करण्यात आली.