दिसायला चक्का, टिकायला साय

तिरामिसू हा इटलीचा गोड पदार्थ. त्याचं नाव आता आपल्याकडच्या केकच्या दुकानांतही दिसू लागलंय, आणि सुट्टीला घरी आलेली शिकती मुलं तो करून बघायचा हट्ट धरतात. सामानाची यादी तशी लहान आहे: अंड्याचं पिवळं, साखर, कडक कॉफी, कोको, सावोयार्दी नावाची बोटाएवढी हलकी बिस्किटं आणि मस्कारपोने. यातलं शेवटचं नाव वाचून पुष्कळ जण तिथंच थांबतात. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, तुम्ही थांबायचं कारण नाही. ही वस्तू दुधाची आहे, आणि ती कशी होते ते तुम्हाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल.

तिरामिसू फार जुना नाही. उत्तर इटलीतल्या त्रेविझो गावातल्या 'ले बेक्केरिए' या खानावळीत तो १९७० च्या आसपास वाढला जाऊ लागला, असं त्रेविझोवाले सांगतात. शेजारच्या फ्रिउली प्रांताला ते मान्य नाही; तिथले लोक आपला दावा त्याहून जुना म्हणून मांडतात. आपल्याकडे मिसळ कुणाची खरी यावरून होतं, तसंच समजा. नावाचा अर्थ 'मला वर उचल', म्हणजे तरतरी आण. त्रेविझोची कृती २०१० मध्ये नोटरीसमोर नोंदवून ठेवली आहे: बारा अंड्यांचं पिवळं, अर्धा किलो साखर, एक किलो मस्कारपोने, साठ बिस्किटं, लागेल तशी कॉफी आणि वरून कोको. त्यात दारू नाही. पुष्कळ ठिकाणी मार्साला ही गोडी वाइन घालतात, पण ती नसली म्हणून काही अडत नाही.

आता मुख्य जिन्नस. मस्कारपोनेचं मूळ लोम्बार्दी प्रांतात, लोदी शहराच्या आसपास. पो नदीचं हे सपाट खोरं म्हणजे कालव्यांचा मुलूख. लोदीचा मुत्झा कालवा तेराव्या शतकातला आहे. तिथं जुनी एक रीत अशी, की झऱ्याचं कोमट पाणी हिवाळ्यात कुरणावरून पातळ थरात वाहतं ठेवायचं. त्यामुळे गवत गोठत नाही आणि भर थंडीत जनावराला हिरवा चारा मिळतो. दूध मुबलक, आणि त्या दुधाचं मुख्य काम म्हणजे महिनोन् महिने टिकणारं कडक चीज. त्या चीजसाठी दुधावरची थोडी साय आधी काढून घेतात. त्या सायीचं लोणी होतं आणि मस्कारपोनेही होतं. लक्षात घ्या, फ्रीज नव्हते तेव्हा हा पदार्थ तिथं थंडीच्या दिवसांतच करत. त्यामागं कारण आहे, ते पुढं येईलच.

बशीत काढलेलं मस्कारपोने आणि श्रीखंडाचा चक्का शेजारी ठेवले तर लांबून फरक कळणार नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही फडक्यात बांधून निथळलेले. पण जात वेगळी. चक्का दह्याचा, म्हणजे विरजणातल्या जिवाणूंनी आंबवलेला. मस्कारपोनेला विरजण नसतंच. ताजी क्रीम गरम करून लिंबाच्या रसानं किंवा टार्टारिक आम्लानं जराशी दाट करायची, बस्स. त्यामुळे ते आंबट नाही आणि शंभर ग्रॅममध्ये चाळीसेक ग्रॅम तरी फॅट असतं. म्हणून तिरामिसूत चक्का घातला तर आंबट श्रीखंड होईल, पनीर घातलं तर रवाळ होईल. डब्यातलं प्रोसेस्ड चीज खारट. त्याचा तर विचारच नको.

घरी करायचं तर क्रीम सेपरेटरची, त्याच दिवशीची घ्या. लोण्यासाठी चार दिवस साठवलेली साय चालणार नाही; ती आंबायला लागलेली असते. सात फॅटचं दहा किलो म्हशीचं दूध सेपरेटरमधून काढलं तर पस्तीस टक्के फॅटची साधारण दोन किलो क्रीम पडते. अर्धा लिटर क्रीम पाण्याच्या भांड्यात ठेवून, ढवळत, ८५ अंशांपर्यंत तापवा. उकळू देऊ नका. एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला आणि पाच मिनिटं त्याच आचेवर ठेवा. दह्यासारखी फुटणार नाही, नुसती दाटेल, घाबरू नका. निवली की स्वच्छ उकळलेल्या दाट फडक्यात ओता आणि निथळायला फ्रीजमध्येच ठेवा, रात्रभर. चक्क्यासारखं खुंटीला टांगून ठेवायचं नाही.

का नाही, ते ऐका. १९९६ मध्ये इटलीत बाजारच्या मस्कारपोनेतून आठ जणांना बोटुलिझमची विषबाधा झाली. त्यात तरुण मुलं होती. काहींनी घरी केलेला तिरामिसू खाल्ला होता. एक मुलगा दगावला. तपासात बोट गेलं ते विक्रीच्या वाटेवर मध्येच तुटलेल्या थंडाव्याकडे. या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. चक्क्याच्या आंबटपणात त्यांना वाढता येत नाही, आपलं श्रीखंड त्या बाबतीत नशीबवान. मस्कारपोने मात्र गोडं. ते गरम हवेत राहिलं तर त्यांना रान मोकळं, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही. तेव्हा घरचं मस्कारपोने दोन-तीन दिवसांत संपवा. लोडशेडिंगमध्ये फ्रीज अर्धा दिवस बंद पडला असेल तर जीव न जाळता फेकून द्या.

अंड्याचंही तसंच. मूळ कृतीत पिवळं कच्चंच घालतात. आपल्या हवेत ते नको. पिवळं आणि साखर वाफेवर फेटत ७० अंशांच्या थोडं वर न्या, मग निववून मस्कारपोनेत मिसळा. अंडं न खाणाऱ्यांनी फेटलेली क्रीम घ्यावी; त्रेविझोवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

कॉफी घेताना पाकिटावर चिकोरी किती टक्के ते वाचा. चिकोरी नसलेलीच घ्या आणि दूध-साखर न घालता कडक काढा. गंमत अशी, की भारतीय कॉफीचं मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. तिथल्या एस्प्रेसोत आपला रोबस्टा जातो. आपल्या राज्यात कॉफी होते ती चिखलदऱ्याला. कोको बिनसाखरेचा हवा, दुधात घालायची चॉकलेट पावडर नव्हे. सावोयार्दी मिळाली नाहीत तर बेकरीचा साधा स्पंज केक बोटाएवढा कापून मंद भट्टीत कडक वाळवा. ग्लुकोज बिस्किटाचा चिखल होतो.

बचत गटानं जत्रेत किंवा महोत्सवात हा पदार्थ विकायला ठेवायचा म्हटलं, तर ग्रामसेवकांनी आणि आरोग्य सेवकांनी दोन गोष्टी आधी विचाराव्यात: २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आहे का, आणि बर्फाची पेटी कुठं आहे. पेटी नसेल तर त्या दिवशी गटानं श्रीखंडच विकावं. सेपरेटरमधून उरलेल्या दुधाला विरजण लावलेलं असेलच. ते दही बिनफॅटचं, चक्का जरा कोरडा पडतो, म्हणून त्यात थोडी क्रीम परत घाला.