मसणवटा आणि दप्तर

आमच्या गावच्या महारवाड्याचा मसणवटा ओढ्यापलीकडे पडीक माळावर आहे. बाभळी, घाणेरी आणि दगडांचे ढीग. एकाही दगडावर नाव नाही. माझी खापरपणजी १९१८ सालच्या मानमोडीत गेली, ती इथेच आहे. पण कुठल्या ढिगाखाली, ते माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हते. तो नुसता हात फिरवून ‘हितंच कुठंतरी’ म्हणायचा.

हे ढीग स्मारक म्हणून रचलेले नाहीत. कोल्ह्या-तरसांनी मढे उकरू नये म्हणून मातीवर दगड आणि काट्या टाकीत. गावातल्या सरणाची लाकडे वाहणे हे महाराचे काम होते. स्वतःच्या माणसाला जाळण्यापुरती लाकडे मात्र त्याच्या घरी नसत. म्हणून बहुतेकांना पुरीत. पुढे ढीग खचे आणि त्याच जागी दुसरा खड्डा घेतला जाई. याला कोणी मृत्यूविषयीची अनासक्ती म्हणत असेल, तर त्याने आधी सरपणाचा भाव विचारावा. आणि जिथे अक्षराचीच बंदी, तिथे दगडावर नाव कोरणार कोण?

मग ही माणसे कुठेच नोंदलेली नाहीत काय? आहेत. माणूस मेल्याची खबर पाटलाकडे नेणे हेही महाराचेच काम. अशा खबरींवरून जन्ममृत्यूची वही भरली जाई. महसुली दप्तरात तिला गाव नमुना १४ म्हणतात, बोलण्यात कोतवाल बुक. तारीख, नाव, जात, मरणाचे कारण असे रकाने. जुन्या वह्या बहुधा मोडीत. खबर आणणाऱ्याला वाचता येत नव्हते, लिहिणाऱ्याला रोगाची पारख नव्हती. त्यामुळे कारणाच्या रकान्यात पानामागून पान ‘ताप’. हिवताप, बाळंतरोग, मानमोडी, सगळे ताप. उपासमारही त्यातच कुठेतरी.

मुंबई शहरात १९१८च्या साथीचा जातवार हिशेब झाला होता. इन्फ्लुएंझाने दर हजारी सवर्ण हिंदू सुमारे १९ मेले, युरोपियन ८, आणि ‘खालच्या जातीचे’ म्हणून नोंदलेले ६१हून अधिक. आपल्या खेड्यांचा असा हिशेब मांडायचा तर साधन ह्या वह्याच, कारण जातीचा रकाना त्यांत आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या राज्यभर बाहेर काढल्या गेल्या. त्या कुठे ठेवल्या आहेत हे आता सर्वांना कळले आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकून त्या वाचायला हव्यात.

आमच्यापुरती निकड वेगळी आहे. सातबाऱ्यावर हा माळ गायरान आहे, स्मशान म्हणून त्याची नोंद नाही. जागा दुसऱ्या कामासाठी मागितली गेली तेव्हा ‘इथे मढी आहेत याला पुरावा काय?’ असे आम्हाला विचारण्यात आले. वहीत पुरण्याची जागा लिहिलेली नसते, हे खरे. पण इतकी माणसे मेली, गावच्या स्मशानात त्यांना मज्जाव होता, मग ती गेली कुठे, ह्याचे उत्तर गावाने द्यायचे आहे.

मी मोडी शिकलो, तीस वर्षांची पाने उतरवून काढली. खापरपणजीची नोंद सापडली: अमक्या महाराची बायको, ताप. तिचे नाव तिथेही नाही. त्या पानाची नक्कल आम्ही अर्जाला जोडली आहे.