वांग्याचा वास आणि पतंगाच्या मिशा

वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणारी अळी स्वतः झाड निवडत नाही. ते काम तिच्या आईचे. पांढुरक्या पंखांची ही पतंगमादी रात्री हिंडते आणि पानांच्या मागच्या बाजूला अंडी घालते. अळी बाहेर पडताच काही तासांत कोवळ्या शेंड्यात शिरते. मग चाकण-खेडकडच्या प्लॉटात शेंडे माना टाकतात आणि कितीही फवारले तरी औषध आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. म्हणूनच मादी झाड कशावरून ओळखते, याला महत्त्व आहे.

पिंपरी-चिंचवडजवळच पाषाणला असलेल्या आयसर पुणे या संस्थेतील संशोधकांनी 2023 मध्ये याचा एक धागा उलगडला. हिमालयातील एका वांग्याच्या वाणावर मादी अंडी घालायचे टाळते, कारण त्याच्या पानांतून जिरॅनिऑल बाहेर पडते. रोशा गवताच्या तेलातला मुख्य घटक तो हाच. झाडातले ते बनवणारे जनुक निष्प्रभ केले, तेव्हा मादी तिथेही अंडी घालू लागली.

हा झाडाच्या बाजूचा पुरावा. किडीच्या बाजूने तपासायचे तर तिचे वासाचे जनुकच बंद करून पाहावे लागते. पतंगाच्या मिशांवरील सूक्ष्म केसांत गंधग्राही प्रथिने असतात. वासागणिक ती वेगळी, पण त्यांतल्या बहुतेकांना ऑर्को नावाच्या जोडीदार प्रथिनाशिवाय काम करता येत नाही. ऑर्कोचे जनुक तोडले की जवळजवळ सगळी घ्राणशक्ती जाते. काही आम्लांचे आणि अमाइनांचे वास तेवढे उरतात, कारण त्यांची यंत्रणा निराळी.

जनुक तोडायची सुरुवात ताज्या अंड्यांपासून होते. घातल्यापासून एक-दोन तासांत ती काचपट्टीवर ओळीने चिकटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या अतिबारीक सुईने डीएनए कापणारे कॅस-9 प्रथिन व त्याला जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए आत सोडतात. सुई जरा जास्त गेली की बलक बाहेर येतो, अंडे वाया जाते. जी जगतात त्यांच्यातही काही पेशी बदललेल्या, काही मूळच्याच. त्यामुळे संकर करत, दर पिढीला डीएनए तपासत, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेला वंश तयार करावा लागतो. या कामात खरा वेळ इथेच जातो.

मग मिशी कापून दोन इलेक्ट्रोडांमध्ये बसवतात आणि तिच्यावर वासाची झुळूक सोडतात. धडधाकट मिशी असेल तर पडद्यावरची रेषा झपकन खाली येते. ऑर्को नसलेल्या मिशीची जवळपास सपाट राहते.

घाटे अळीवरचा 2017 चा चीनमधला प्रयोग विशेष बोलका आहे. तिथे एकच ग्राही बंद केले होते. अपक्व मादीच्या गंधातला नराला थोपवणारा घटक त्या नरांना कळेना. ते वेळेआधीच मिलन करू लागले आणि फलित अंडी घटली. कामगंध सापळे लावणाऱ्या शेतकऱ्याच्या कामाची ही माहिती आहे.

वांग्याच्या अळीत जनुकसंपादन जमते, हे बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने डोळ्यांच्या रंगाचे जनुक बदलून दाखवले आहे. तीच पद्धत गंधग्राहींवर वापरली, तर जिरॅनिऑल मादीला नेमके कोणत्या ग्राहीमुळे कळते ते तपासता येईल. आणि ते ग्राही हाती आले, की उन्हात चटकन उडून न जाणारी पर्यायी द्रव्ये शेतात नेण्याआधी प्रयोगशाळेतच त्यावर पारखता येतील.