फिरत्या चकतीवरील अ-न्यूटनीय द्रव: उष्णता आणि वस्तुमान संक्रमण

वाराणसीत लस्सीसाठी दही मथनीने घुसळतात. मराठी घरांत तिला रवी म्हणतात. मथनी फिरू लागली की तिच्यालगतचे दही सैल होते, भांड्याच्या कडेचे मात्र घट्टच राहते. यात दह्याची घडण काही अंशी कायमची मोडते. तो भाग येथे बाजूला ठेवू. दुसरे कारण असे की शिअर दर वाढला की दह्याची श्यानता घटते. अशा द्रवांना शिअर-थिनिंग द्रव म्हणतात. रंग, केचप आणि पॉलिमरची अनेक द्रावणे याच गटातली. त्यांच्यासाठी सर्वांत सोपे प्रतिमान म्हणजे घात-नियम:

शिअर ताण = क × (शिअर दर)^न

न = १ असेल तर द्रव न्यूटनीय; न १ पेक्षा कमी असेल तर शिअर-थिनिंग.

मथनीचा आकार गणिताला अवघड आहे, म्हणून आपण सपाट चकती घेऊ. फिरणारी चकती वरचा द्रव खाली ओढते आणि कडेकडे फेकते. न्यूटनीय द्रवासाठी हा प्रश्न फॉन कारमान यांनी १९२१ मध्ये मांडला. त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष असा: सीमास्तराची जाडी केंद्रापासून कडेपर्यंत सारखीच असते. म्हणून चकतीच्या प्रत्येक बिंदूवर उष्णता व वस्तुमान संक्रमणाचा दर एकसमान मिळतो. याच गुणधर्मावर लेविच यांनी १९४२ मध्ये फिरत्या चकतीच्या विद्युतअग्राचे सूत्र उभारले: वस्तुमान संक्रमण कोनीय वेगाच्या वर्गमुळाशी समानुपाती.

घात-नियम द्रवासाठी हा एकसमानपणा टिकतो का? ते पाहू.

पायरी १: सीमास्तराची जाडी (ज)

त्रिज्या र, कोनीय वेग व, घनता घ मानू. एकक आकारमानावरील अपकेंद्री बल घ × व² × र इतके असते. शिअर दर सुमारे व × र ÷ ज, म्हणून श्यान बल सुमारे क × (व × र ÷ ज)^न ÷ ज. प्रवाह स्तरीय असताना दोन्ही समान धरल्यास:

ज^(न+१) ∝ व^(न−२) × र^(न−१)

न = १ ठेवा: र गळून पडतो आणि ज ∝ १ ÷ √व मिळते. हाच कारमान यांचा निष्कर्ष. न = ०.५ ठेवा: ज ∝ र^(−१/३). म्हणजे कडेकडे सीमास्तर पातळ होत जातो. घात-नियम द्रवासाठी फिरत्या चकतीचे हे गणित मित्श्का यांनी १९६४ मध्ये मांडले.

पायरी २: उष्णतेचा स्तर (उ)

घट्ट द्रवांत प्रांटल अंक मोठा असतो, त्यामुळे उ हा ज पेक्षा बराच लहान असतो. या पातळ थरात त्रिज्यीय वेग सुमारे व × र × उ ÷ ज. त्या वेगाने र इतके अंतर कापायला ज ÷ (व × उ) इतका वेळ लागतो. तेवढ्या वेळात उष्णता विसरणाने उ इतकी आत शिरते, आणि उ² या वेळेशी समानुपाती असतो. म्हणून:

उ³ ∝ ज ÷ व

संक्रमण गुणांक १ ÷ उ शी समानुपाती असल्याने:

संक्रमण गुणांक ∝ व^(१/(न+१)) × र^((१−न)/(३(न+१)))

वस्तुमान संक्रमणासाठीही हेच सूत्र. फक्त प्रांटल अंकाच्या जागी श्मिट अंक मोठा हवा.

उदाहरण

न = ०.५ असताना २ सेंमी आणि १६ सेंमी त्रिज्येची तुलना करा. त्रिज्या ८ पट, म्हणून सीमास्तर निम्मा होतो. संक्रमण गुणांक मात्र ८^(१/९) = १.२६ पट, म्हणजे फक्त २६ टक्क्यांनी वाढतो. वेग दुप्पट केला तर गुणांक २^(२/३) = १.५९ पट होतो. न्यूटनीय द्रवात तो १.४१ पट झाला असता.

म्हणून पॉलिमरच्या द्रावणात प्रयोग करून लेविच यांचे वर्गमुळाचे सूत्र तसेच वापरले, तर त्यातून काढलेला विसरण गुणांक चुकीचा येईल. आधी रिओमीटरवर न मोजा, मग घातांक ठरवा.

मर्यादा

केंद्राशी शिअर दर शून्य होतो. तिथे घात-नियमाप्रमाणे श्यानता अनंत ठरते. खऱ्या पॉलिमर द्रावणात ती एका मर्यादेवर थांबते. त्यामुळे केंद्राजवळ हे सूत्र लावू नये. तसेच क तापमानाबरोबर बदलतो; चकती बरीच गरम असेल तर तो बदलही गणितात घ्यावा लागतो.

स्वाध्याय: न = १.५ असलेल्या शिअर-थिकनिंग द्रवासाठी सीमास्तर कडेकडे जाड होतो की पातळ? संक्रमण गुणांक कुठे जास्त असेल?