गोटा झालेल्या टायरचे पैसे कोणी भरायचे?

अमेरिकेत लीझची मुदत संपून गाडी परत करायची वेळ आली, की तपासायला येणारा माणूस चाकांपाशी वाकतोच. टायरच्या खाचेत गेज घालतो आणि आकडा लिहून घेतो. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. बहुतेक राज्यांत कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, पण अनेक लीझ करार ३.२ मिलिमीटर मागतात. म्हणजे रस्त्यावर पास झालेला टायर करारात नापास ठरतो आणि नव्या टायरचं बिल ग्राहकाच्या माथी येतं. न्यू जर्सीत नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबांनाही या अटीची कल्पना असतेच असं नाही.

बिल मुकाट्याने भरू नये. आधी टायर कसा झिजलाय ते पाहावं. सगळीकडून सारखा झिजला असेल, तर तो वापर. त्याचे पैसे आपलेच. पण आतली कड खाल्लेली आणि बाहेरची शाबूत असेल, किंवा हात फिरवल्यावर करवतीसारखे दाते लागत असतील, तर दोष अलाइनमेंटचा किंवा सस्पेन्शनचा असू शकतो.

निसानच्या २००३ च्या ‘३५० झेड’चे पुढचे टायर असेच दातेरी झिजत. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला भरपाईची तडजोड करावी लागली. होंडा ओडिसीच्या काही मॉडेलना लावलेल्या मिशेलिनच्या ‘पॅक्स’ टायरवरूनही सामूहिक दावा झाला होता.

गाडीच्या वॉरंटीत टायर सहसा नसतात. त्यांची वॉरंटी टायर कंपनी देते आणि तिची वेगळी पुस्तिका गाडीच्या कागदांत असते. मैलांची हमी असेल तर हिशेब वापराच्या प्रमाणात होतो: ५० हजार मैलांचा टायर ३० हजारांतच संपला, तर साधारण ४० टक्के सूट मागता येते. मात्र नव्या गाडीसोबत आलेल्या टायरना ही हमी बऱ्याचदा नसते. तेव्हा डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरकडे ‘गुडविल’ची मागणी करावी, तिथे दाद लागली नाही तर कार कंपनीच्या ग्राहक विभागाकडे. कंपनी बांधील नसते, तरी अर्धा खर्च उचलायला तयार होऊ शकते. टायर रोटेशनच्या, म्हणजे टायरची जागा वेळोवेळी आलटून-पालटून घेतल्याच्या, पावत्या नसतील, तर बोलणं पहिल्याच प्रश्नाला अडतं.

आणि हे सगळं गाडी ताब्यात असेपर्यंतच. परतीच्या तीन-चार महिने आधी पाव डॉलरचं नाणं उलटं धरून खाचेत घाला. नाण्यावरच्या वॉशिंग्टनचं डोकं पूर्ण दिसत असेल, तर खाच ३.२ मिलिमीटरपेक्षा कमी उरली आहे; त्याच दिवशी डीलरला फोन करा.