व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस

बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ साली आलं. लोणावळा-तळेगावच्या जुन्या ग्राहकांना मॉडेममध्ये भरायचे दोन आकडे आठवत असतील: व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून एक्सचेंजकडे जाणारी माहिती एटीएम पद्धतीच्या ‘सेल’मध्ये भरलेली असे, आणि हे आकडे त्या सेलच्या वाटेचा क्रमांक सांगत.

सेल ५३ बाइटांचा. त्यातले ५ बाइट शीर्षाचे, ४८ मालाचे. युरोपला ३२ हवे होते, अमेरिकेला ६४. तडजोड ४८ वर झाली. लहान सेल पटकन भरतो, म्हणून फोनवरचं बोलणं रेंगाळत नाही. आखणी आवाजासाठी होती, भुर्दंड मात्र इंटरनेटला पडला. बीएसएनएलच्या जोडणीत ४० बाइटांची साधी पोच सगळी वेष्टनं चढून दोन सेल, म्हणजे १०६ बाइट अडवी. १,४९२ बाइटांच्या पॅकेटला ३२ सेल लागत. गर्दीत त्यातला एक हरवला, तर उरलेले ३१ फुकट वाहत राहत, कारण पॅकेट अर्धवट कामाचं नसतं. अ‍ॅलिन रोमानो आणि सॅली फ्लॉइड या संशोधकांचा उपाय मला फार देखणा वाटतो: रांग ठरावीक हद्दीपलीकडे गेली, की सुटे सेल टाकायचेच नाहीत, नवं येणारं अख्खं पॅकेट नाकारायचं.

दुसरा प्रश्न वेगाचा. राउटर प्रत्येक पॅकेटचा पत्ता तक्त्यात शोधतो. एटीएमचा स्विच फक्त सेलवरचा छोटा क्रमांक पाहतो. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या इप्सिलॉन कंपनीने दोन्हींची सांगड घातली. आधी पॅकेटं राउटरमधून जाऊ द्यायची; ओघ लांबणार असं दिसलं, की त्याला स्वतंत्र क्रमांक देऊन थेट स्विचवर सोडायचा. लोणावळ्याला गाडी कोणत्या रुळावर घ्यायची हे गाडीच्या क्रमांकावरून ठरतं, प्रवाशांची तिकिटं कोणी तपासत बसत नाही, तसंच हे.

पुढे सेल मागे पडला, क्रमांक टिकला. २००१ साली प्रमाणित झालेल्या एमपीएलएस पद्धतीत पॅकेट न तोडता त्यावर २० बिटांचं लेबल लावतात. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचं फायबर लोहमार्गांलगत अंथरलेलं आहे आणि तिचं जाळं एमपीएलएसवर चालतं. प्रत्येक टप्प्यावर जुनं लेबल काढून नवं लावलं जातं. बहुधा शेवटून दुसरा राउटर ते काढून टाकतो, म्हणजे शेवटच्याला थेट पत्ताच वाचता येतो.